घोरपडीच्या वतीने

आमच्या पंचांगात पालीला मोठा मान आहे. 'पल्लीपतन' नावाचे एक कोष्टकच त्यात छापलेले असते. पाल मस्तकावर पडली तर काय, उजव्या खांद्यावर पडली तर काय, डाव्या पायावर पडली तर काय, सारे फळ ओळीने दिलेले. बिचारी पाल! दिव्याशी आलेल्या पतंगामागे धावताना तिचा पाय निसटतो आणि खाली वर्तमानपत्र वाचीत बसलेल्या गृहस्थांच्या धनलाभाची नाही तर क्लेशाची जबाबदारी तिच्या अंगावर येऊन पडते. हीच पाल दिवाळीच्या साफसफाईत केरसुणीच्या फटक्यासरशी घराबाहेर जाते. आणि चारच दिवसांनी, लक्ष्मीपूजनाच्या रात्री, ती तसबिरीमागून डोकावली तर घरातली वडील मंडळी हात जोडतात. मनात संशय आला की चुकचुकते तीही पालच. तिच्या भावाबंदांपैकी सरडा तर आमच्या राजकारणात कायमचा वस्तीला आहे. रंग बदलायला तो, आणि कुंपणापर्यंत धावायलाही तोच.

इतका घरोबा असून ह्या कुळाची आपली खरी ओळख मात्र झालेली नाही. आपण सगळ्यांना सरसकट विषाच्या खात्यावर मांडून ठेवले आहे. पाल विषारी, सापसुरळी ही तर सापाची मावशी म्हणून विषारी, माळावरच्या दगडांखाली राहणारी ठिपकेवाली जाड शेपटीची पाल महाविषारी, आणि घोरपड म्हणजे काही विचारूच नका. वस्तुस्थिती अशी आहे की ह्यांपैकी एकीच्याही चाव्यात माणसाला मारील असे विष असल्याचे सिद्ध झालेले नाही. दुधात पाल पडली तर दूध ओतून द्यावे हे खरे; पण ते तिच्या विषामुळे नव्हे. तिच्या पोटात आणि विष्ठेत रोगजंतू असतात, त्यांनी उलट्या-जुलाब होतात म्हणून. कारण चुकीचे असून कृती बरोबर, असे आपल्या घरांत पुष्कळदा घडते. पण कारण चुकीचे आणि कृतीही चुकीची असे घडले की कुणाचा तरी जीव जातो. तो बहुधा घोरपडीचा असतो.

चाकणच्या एका कारखान्यात मेन्टेनन्स खात्यात मी बरीच वर्षे काढली. घर चिंचवडला, पहाटे कंपनीची बस पकडायची, भोसरी, मोशी मागे टाकीत इंद्रायणी ओलांडायची आणि चाकणला उतरायचे. मी लागलो तेव्हा आमच्या कुंपणाच्या तिन्ही बाजूंना बाजरीची शेते आणि बोरी-बाभळींचा माळ होता. पुढे एकेक बाजू शेडने भरत गेली. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असे म्हणतात. आमच्याकडे कुंपणच धावत सरड्यापर्यंत आले.

२००९ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. भंगाराच्या आवारामागच्या केबलच्या चरात पाणी साचले म्हणून झाकणाच्या फरशा उचलल्या, तो खाली घोरपड! शेपटीसकट चार फूट तरी असेल. बाहेर यायला वाट नाही, म्हणून तिने अंग फुगवले, फुसकारली आणि दुभंगलेली जीभ लांब बाहेर काढली. ती जीभ पाहताच घोळका दहा पावले मागे हटला, आणि पुन्हा पुढे आला तो हातात पहारी आणि पाइप घेऊन. सर्वांत पुढे होता बीडकडचा एक कंत्राटी पोरगा, विशी-बाविशीचा.

मी त्याचा हात धरला. तो थरथरत होता. म्हणाला, "सोडा साहेब. ही चावली आन् आपल्या आदी पाण्यात शिरली, की मानूस खलास. समदा गाव सांगतो."

आमचे वॉचमन मामा म्हाळुंग्याच्या बाजूचे. सत्तरीला टेकलेले. ते काठी टेकीत पुढे आले आणि म्हणाले, "आरं, पोरं असताना वारुळातनं शेपटी धरून वढायचो आम्ही हिला. इख न्हाई तिला. इख आपल्या तोंडात!"

सगळे हसले. पोरगा हसला नाही. मग हळूहळू कळले, की त्याचा थोरला भाऊ ऊस तोडायला गेला असता पहाटे सर्पदंशाने गेला होता. घोणस होती. दवाखान्यात नेईपर्यंत फार वेळ लागला. तेव्हापासून जमिनीवर सरपटणारे आणि जीभ काढणारे जे जे म्हणून दिसेल ते ते त्याच्या लेखी घोणसच होते. त्याला भित्रा किंवा अडाणी म्हणायला माझी जीभ रेटली नाही. त्याची भीती अगदी खरी होती. फक्त ती चुकीच्या पत्त्यावर जाऊन पोचली होती. एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. ज्या देशात हे घडते तिथल्या माणसाने सरपटणाऱ्या जिवाला भिऊ नये, असे कोणत्या तोंडाने सांगावे? सांगायचे ते एवढेच, की भीतीलाही ओळख हवी. आपल्याकडे माणूस मारणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. रात्री शेतात जाताना पायांत बूट आणि हातात बॅटरी घेतली, तर घोरपडी मारून जे साधत नाही ते साधते.

तासाभराने एक सर्पमित्र मोटारसायकलवरून आला. त्याने वनखात्याला कळवले, घोरपडीला मानेशी आणि कमरेशी धरून पोत्यात घातले आणि डोंगराकडे नेऊन सोडले. त्या झटापटीत त्याच्या मनगटावर नखांचे चांगले ओरखडे उठले. ते त्याने साबणाने धुतले, आमच्या प्रथमोपचाराच्या खोलीत औषध लावले, धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आणि चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी पोरग्याने मला मुद्दाम विचारले, "त्यो मानूस हाय न्हवं?" मी म्हटले, आहे. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने खरा प्रश्न विचारला: "मग साहेब, जगात इखारी पाल नसतेच का कुटं?"

ह्या प्रश्नाने मला कामाला लावले. सेवानिवृत्त झाल्यावर वाचायला वेळही पुष्कळ मिळाला. त्याचे उत्तर असे: असते. पण ती पाहायची तर साता समुद्रांपलीकडे जायला हवे.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, आरिझोना आणि मेक्सिकोतले सोनोरा ह्या भागात, मोठे वाळवंट आहे. तिथे 'हीला मॉन्स्टर' नावाचा एक सरडा राहतो. इंग्रजी अक्षरे पाहून आपण 'गिला' म्हणू. पण नदीचे नाव तिकडे 'हीला' असे उच्चारतात आणि त्या नदीवरून ह्याचे बारसे झाले आहे. हात-दीड हात लांबी, जाडजूड बेंगरूळ अंग, आखूड पाय, आणि काळ्या कातडीवर नारिंगी-गुलाबी नक्षी. कातडी अशी, की बारीक मणी एकाला एक लावून विणल्यासारखी. कोप नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८६९ साली त्याला शास्त्रीय नाव दिले, त्यातला 'सस्पेक्टम' हा शब्द संशयाचा आहे. त्याच्या दातांवर पन्हळी दिसल्या म्हणून हा विषारी असावा असा कोपसाहेबांना संशय आला. म्हणजे शंकेची पाल तिकडेही चुकचुकली, आणि ह्या खेपेला ती खरी बोलली!

सापाचे विष वरच्या जबड्यात असते; ह्याचे खालच्या. सापाप्रमाणे पोकळ दाताने टोचून मोकळे होणे ह्याला जमत नाही. हा चावतो आणि चावलेले सोडत नाही. चघळीत राहतो, आणि विष दातांवरच्या पन्हळींतून जखमेत झिरपते. वेदना भयंकर होतात, ओकाऱ्या होतात, रक्तदाब खाली येतो. त्यावर उतारा म्हणून प्रतिविषाची लस नाही. तरीही ह्याच्यामुळे माणूस दगावल्याच्या घटना अत्यंत विरळा. २०२४ च्या फेब्रुवारीत कोलोरॅडो राज्यात एका गृहस्थांचा त्यांनीच पाळलेल्या हीला मॉन्स्टरच्या चाव्याने मृत्यू झाला. त्याआधीच्या कितीतरी दशकांत अशी खात्रीलायक नोंदच नव्हती. विष आहे ते स्वतःच्या रक्षणापुरते. भक्ष्य म्हणाल तर पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी आणि घरट्यातली पिल्ले. अंड्याला मारायला विष कशाला हवे?

त्याची राहणी एखाद्या व्रतस्थाने लाजावे अशी आहे. वर्षातला बहुतेक काळ तो बिळात पडून असतो. पोटभर अशी तीन-चार मोठी जेवणे मिळाली तरी त्याचे वर्ष निघते. मिळालेल्या अन्नाची चरबी शेपटीत साठवतो. पावसाळ्यात पाणी पिऊन घेतो आणि ते मूत्राशयात राखून कोरड्या दिवसांत थोडे थोडे अंगात परत घेतो. उन्हाळ्यात जिथे दगड तापून भाजतात, तिथे जगायचे तर धावपळ करून चालत नाही, हे त्याला उमगले आहे.

ह्या प्राण्याविषयी तिथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी काय काय समज करून घेतले होते, ते वाचून मला आपल्या लोकांविषयी एकदम जिव्हाळा वाटला. त्याला गुदद्वारच नसते, म्हणून खाल्लेले अन्न पोटात कुजते आणि त्याचा श्वाससुद्धा विषारी होतो, असे ते मानीत! आमच्या पोरग्याची पाण्यात शिरणारी घोरपड ह्यापुढे फारच साधी म्हणायची. मात्र आरिझोना राज्याने १९५२ साली ह्या सरड्याला कायद्याचे संरक्षण दिले. विषारी प्राण्याला असे संरक्षण मिळण्याची ती जगातली पहिलीच वेळ मानतात. जो खरोखर विषारी होता त्याला कायद्याने अभय मिळाले तेव्हा त्याचा उपयोग काय, हे कुणालाच ठाऊक नव्हते.

तो उपयोग कळायला आणखी चाळीस वर्षे जावी लागली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या इस्पितळात जॉन एंग नावाचे एक डॉक्टर संशोधन करीत. शरीरातल्या अजून न सापडलेल्या संप्रेरकांचा शोध घेण्याची त्यांना हौस होती. हीला मॉन्स्टरच्या विषामुळे जनावरांच्या स्वादुपिंडावर परिणाम होतो, हे आधीच्या संशोधनातून पुढे आले होते. एंगनी त्या विषाची पूड मागवून तपासली आणि १९९२ साली त्यांना तीत एक रसायन सापडले. त्याचे नाव त्यांनी 'एक्सेंडिन-४' ठेवले.

आता थोडी शरीराची माहिती घ्यावी लागेल. आपण जेवलो की आतड्यातून 'जीएलपी-१' नावाचे संप्रेरक निघते. ते स्वादुपिंडाला सांगते, साखर येते आहे, इन्शुलिन सोड. आणि जठराला सांगते, जरा सावकाश. निरोप्या उत्तम, पण आयुष्य फार थोडे. एक-दोन मिनिटांत त्यातले निम्मे रक्तात नष्ट होते; म्हणून औषध म्हणून टोचायला ते निरुपयोगी. सरड्याच्या विषातले एक्सेंडिन घडणीने ह्याच्याशी निम्म्याहून थोडे जास्त जुळते, काम तेच करते, आणि तासन् तास टिकते. त्याच घडणीचे औषध प्रयोगशाळेत तयार झाले आणि २००५ साली अमेरिकेत मधुमेहासाठी मंजूर झाले. सरड्याला हात लावण्याची गरज उरली नाही. पुढे आठवड्यातून एकदा टोचायची जी औषधे आली, आणि ज्यांची वजन घटवण्यासाठी आज एवढी चर्चा चालते, त्यांतली पुष्कळशी मानवी संप्रेरकावरून घडवलेली आहेत. पण असले टिकाऊ औषध होऊ शकते ही वाट दाखवली ती ह्या वाळवंटी सरड्याने.

मला स्वतःला मधुमेह आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. तेव्हा ह्यात मी काही विशेष केले असे नाही. माझ्या डॉक्टरांनी ह्या जातीच्या इंजेक्शनाविषयी सांगितले तेव्हा मी घरी येऊन सौभाग्यवतींना मोठ्या उत्साहाने सगळी कथा ऐकवली. त्या चकल्यांची भाजणी चाळीत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "अहो, म्हणजे आता पालीचं औषध टोचून घ्यायचं? आणि मी इथे ओट्यामागची पाल हाकलते आहे!" मी म्हटले, पालीचे नव्हे, पालीने सुचवलेले. त्यांचे समाधान झाले नाही. पण त्या दिवशी ओट्यामागच्या पालीला केरसुणी बसली नाही, एवढे मी पाहिले.

खरे म्हणजे आम्हां पिंपरी-चिंचवडकरांना ह्या कथेचे नवल वाटायला नको. आमच्या गावाचे कारखानदारीतले पाऊलच मुळी अशा एका तुच्छ वस्तूच्या औषधाने पडले. १९५४ साली सरकारने पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन केला आणि १९५५ साली तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिन म्हणजे बुरशी. शिळ्या भाकरीवर दिसली तर आपण भाकरीच फेकतो. पुढे त्याच कारखान्याच्या संशोधनशाळेत तिरुमलाचार ह्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्या मातीत एक सूक्ष्मजीव शोधला आणि त्यापासून बुरशीच्या रोगांवरचे 'हॅमायसिन' काढले. कारखान्याच्या आद्याक्षरांवरून औषधाचे नाव पडले, आणि सूक्ष्मजीवाचे नाव ठेवले 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. ज्या मातीवर आपण शेड बांधायला नुसता मुरूम टाकतो, तिच्या नावाने शास्त्राच्या वहीत एक ओळ कायमची लिहिली गेली आहे. सरड्यालाही असाच मान मिळाला. २०१६ साली आपल्याकडच्या, गळ्याखाली निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवणाऱ्या सरड्यांचा एक वेगळा वंश शास्त्रज्ञांनी ठरवला, आणि त्याचे शास्त्रीय नाव ठेवले 'सरडा'. आपला मराठी शब्द, जसाच्या तसा.

घोरपडीचे नशीब मात्र एवढे चांगले नाही. पुराणी कीर्ती तिच्याइतकी कुणाला नसेल. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला तो 'यशवंती' घोरपडीला दोर बांधून, असे आपण लहानपणापासून ऐकतो. इतिहाससंशोधक तिला आख्यायिकाच मानतात; पण घोरपडे हे आडनाव, पुण्यातली घोरपडे पेठ, घोरपडी गाव ही तर रोजच्या बोलण्यातली. अशा ह्या कीर्तिवंत प्राण्याचे मांस खातात, कमरेच्या दुखण्यावर म्हणून तेल काढतात. खंजिरी-दिमडीसाठी तिचे कातडे वापरीत. ह्यांहून विचित्र प्रकार 'हाताजोडी'चा. दुर्मिळ झाडाची मुळी, घरात ठेवली की लक्ष्मी येते, अशी जाहिरात करून जी वस्तू महाग विकली जाते, ती प्रत्यक्षात नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असल्याचे संशोधकांनी २०१७ साली उघड केले. देव्हाऱ्यात हळदकुंकू वाहून लोक कशाची पूजा करीत होते, हे त्यांना सांगायचे धाडस कोण करणार? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. तिला मारणाऱ्याला तीन ते सात वर्षे कैद होऊ शकते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ब्रायन फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली असे मांडले, की साप, हीला मॉन्स्टर आणि घोरपडी ह्यांचा पूर्वज एकच असावा, आणि घोरपडीच्या कुळातही विषग्रंथींचा वारसा उतरलेला असावा. ह्यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. त्या ग्रंथींतल्या स्रावाला विष म्हणावे की नुसती लाळ, ह्यावर एकमत नाही. म्हणून घोरपडीशी खेळायला जाऊ नये. ती चावली किंवा तिने ओरबाडले तर जखम साबणपाण्याने धुवावी आणि डॉक्टरांकडे जावे. आणि अंधारात काय चावले ते कळले नसेल, तर सापच चावला असे धरून तडक मोठे इस्पितळ गाठावे. पण ह्या वादाने मला भीती वाटत नाही, उलट उत्सुकता वाटते. एंगसाहेबांनी पाहीपर्यंत हीला मॉन्स्टरचे विषही नुसते विषच होते.

आज मोशी, रावेत, तळवडे, चाकण अशा ठिकाणी माळाच्या जागी इमारती आणि कारखाने उभे आहेत. वारुळे गेली, ओढ्यांचे नाले झाले. तिथली घोरपड कुठे जाणार? ती आपल्या वाहनतळात, गटारात, केबलच्या चरात येते. आपल्याला वाटते ती आपल्या आवारात शिरली; तिच्या हिशेबी तिच्या बिळावर फरशी बसली आहे. ती दिसली तर चार पावले दूर उभे राहावे, मुलांना आणि कुत्र्याला आवरावे, वनखात्याला कळवावे आणि तिला वाट मोकळी ठेवावी. वाट मिळाली की ती आपण होऊन जाते. माणसाच्या भेटीची तिला हौस नाही.

उद्या तिच्या लाळेत एखादे औषध सापडेल, असे मी म्हणत नाही. नाही सापडले तरी काही बिघडत नाही. शेतातले उंदीर, भुंगेरे, किडे आणि कुजकी मढी ती पिढ्यान् पिढ्या खात आली आहे, आणि त्या कामाचे बिल तिने अजून कुणालाही पाठवलेले नाही.